आठ जणांची गोष्ट, आवाज मात्र एक

प्रश्न : आम्ही मेलबर्नला राहतो. मुलगी आठवीत आहे. ‘राइट अ बुक इन अ डे’ स्पर्धेसाठी शाळेच्या आठ जणांच्या संघात तिची निवड झाली आहे. घरी ती पानंच्या पानं लिहिते, पण संघात आपलं कुणी ऐकत नाही म्हणून रडकुंडीला येते. हातात सहा आठवडे आहेत. तयारी कशी करावी? आणि लेखनात पुढे करिअर आहे का? — एक आई

उत्तर : ताई, या स्पर्धेत १२ तासांत पुस्तक लिहून, चित्रं काढून पूर्ण करायचं असतं. पात्रं, माणूस नसलेलं एक पात्र, ठिकाण, एखादा प्रश्न आणि काही ठरावीक शब्द आयोजक देतात. त्यामुळे घरून गोष्ट ठरवून नेण्यात अर्थ नाही. सराव करायचा तो एकत्र लिहिण्याचा, आणि बहुतेक संघ नेमके तिथेच कमी पडतात. आठ जण आठ प्रकरणं वाटून घेतात आणि दुपारी कळतं की तिसऱ्या प्रकरणातला मुलगा पाचव्यात मुलगी झालाय, अर्धी गोष्ट ‘मी’ने सांगितलीय आणि अर्धी ‘ती’ने.

यावर उपाय साधा आहे. पहिला दीड तास कुणीही गोष्ट लिहायला घ्यायची नाही. आधी शेवट एका वाक्यात ठरवायचा, मग तिथपर्यंत नेणारे पाच-सहा प्रसंग. त्यानंतर एका कागदावर पात्रांची नावं स्पेलिंगसकट, वयं, कपड्यांचे रंग, गोष्ट कोण सांगतंय आणि कोणत्या काळात, हे सगळं लिहून भिंतीवर लावायचं. चित्रकारांनीही हाच कागद बघून सुरुवात करायची. नाहीतर मजकुरातला लाल कोट चित्रात निळा होतो. लिहिणारे चारच पुरेत. दोघं चित्रांना, एक मांडणीला आणि एक संपादक. सकाळी आठला सुरुवात धरली तर दुपारी अडीचला सगळे मसुदे संपादकाच्या हातात आले पाहिजेत. साडेपाचनंतर मजकुराला हात लावायचा नाही. शेवटचे अडीच तास मांडणी, मुद्रितशोधन आणि फाइल पाठवण्यात सहज जातात.

दिलेले शब्द ही खरी परीक्षा. समजा, ‘शिट्टी’ आलाय. ‘तिच्या खिशात एक शिट्टीही होती’ असं लिहिलं तर शब्द बसला, पण गोष्टीला मिळालं काहीच नाही. आता हे बघा : ‘आजोबा फाटकाशी आले की शिट्टी वाजवायचे. सोमवारी शिट्टी वाजली, पण फाटकाशी आजोबा नव्हते.’ इथे शब्दानेच गोष्ट पुढे ढकलली. रोज रात्री जेवताना असे तीन शब्द द्या आणि दोन वाक्यं तोंडी जुळवायला सांगा. मराठीत केलं तरी चालेल. कौशल्य तेच आहे. आठवड्यातून एकदा संघाने तीन तासांची छोटी तालीम घ्यावी आणि शेवटी एकाने सगळी गोष्ट मोठ्याने वाचावी. कुठे आवाज बदलतो, ते कानाला लगेच कळतं.

ही पुस्तकं रुग्णालयातल्या मुलांपर्यंत जातात, हेही तिला सांगा. दुखणं गोष्टीत आलं तर बिघडत नाही, पण वाचणाऱ्या मुलाला तिथे एकटं सोडून गोष्ट संपवू नये.

आता तिच्या रडकुंडीबद्दल. माझ्या मते तिने लेखकाची नव्हे, संपादकाची जागा मागावी. भरपूर लिहिणाऱ्या मुलांना हे कमीपणाचं वाटतं. पण चौघांचं लिखाण कुणाचं मन न दुखवता एका आवाजात आणणं, ‘हे वाक्य काढू या, कारण हे आधीच कळलंय’ असं कारणासकट सांगणं, यालाच पुढे पैसे मिळतात. प्रकाशन, पटकथा, गेमचं लेखन, तांत्रिक लेखन या सगळ्यांत काम गटातच चालतं. फक्त कथा-कादंबऱ्यांवर घर चालवणारे थोडे असतात. तेही तिच्यापासून लपवू नका.

विषयांची घाई नको. व्हीसीईला, म्हणजे तुमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या अकरावी-बारावीला, इंग्लिश गटातला विषय घ्यावाच लागतो आणि लिटरेचर त्याच गटात येतं. तो निर्णय दहावीत घेतला तरी चालतो. पुढे मेलबर्नच्याच आरएमआयटी विद्यापीठासारख्या ठिकाणी लेखन-संपादनाचे अभ्यासक्रम आहेत. तोवर एक करा : स्पर्धेतलं एखादं प्रकरण घेऊन मूळ मसुदा, त्यावरच्या तिच्या दुरुस्त्या आणि अंतिम पान अशा तिन्ही प्रती तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. नुसतं प्रमाणपत्र तिने काय केलं ते सांगत नाही, या तीन प्रती सांगतात.