नजर उतरवायला कोर्स लागतो का?

प्रश्न: ताई, मी नागपूरच्या मानेवाड्यात राहते, वय २६, एका ऑफिसात कॉन्ट्रॅक्टवर आहे. वर्षभरापासून विचक्राफ्टचे, म्हणजे तिकडच्या जादूटोण्याचे, व्हिडिओ बघते, इंग्लंडकडच्या बायकांचे, त्या म्हणतात पुस्तक नको गुरू नको, आतला आवाज ऐक आणि रोज थोडं थोडं करत जा. मला हे फार आपलं वाटलं कारण माझी आजी, रामटेककडची, नजर उतरवायची, गल्लीतलं कोणतंही लेकरू रडायला लागलं की तिच्याकडेच आणायचे. मागच्या पोळ्याच्या आधी ती गेली आणि मी तिला काहीच विचारून ठेवलं नाही, याचं फार वाईट वाटतं. आता एक ऑनलाइन कोर्स आहे ११ हजाराचा, शेवटी दीक्षा पण देतात. घेऊ का? आई म्हणते काहून नसत्या भानगडीत पडतेस.

उत्तर: तुझ्या आजीपाशीच अडकले मी, कारण आमच्याकडे माझी आत्या हेच करायची. खडेमीठ, मोहरी, पाच-सात लाल मिरच्या, मूठ बंद, लेकरावरून सात वेळा ओवाळायचं, तोंडातल्या तोंडात आल्यागेल्याची, वाटेवरच्याची, घरच्यादारच्याची असं काहीबाही म्हणायचं आणि मग सगळं चुलीतल्या निखाऱ्यावर. ठसका आला नाही तर नजर कडक होती म्हणायची. पण मी लहानपणी शंभरदा पाहूनही एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती म्हंजे मूठ फिरवता फिरवता तिचा दुसरा हात लेकराच्या कपाळावरून कानामागे जायचा, पोटावर टेकायचा, आणि डोळे त्याच्या ओठांवर असायचे, कोरडे पडलेत का ते बघायला. एकदा एका पोट्ट्याची नजर उतरवून झाल्यावर त्याच्या मायला म्हणाली, "मेडिकलच्या दवाखान्यात ने बाई याला आत्ताच, हे माह्या मिठाचं काम नव्हे." तुझ्या व्हिडिओतल्या बायका ज्याला इन्ट्युशन म्हणतात ना ते मला तरी हेच वाटतं. हाताखालून इतकी लेकरं गेली होती की हाताला आधी कळायचं, डोक्याला मागून.

म्हणून कोर्स नको घेऊस. ११ हजार रुपये तुझ्या घामाचे आहेत आणि तुला जे हवंय ते त्यात नाही.

तिकडची गोष्टही नीट समजून घे. ब्रिटनमध्ये १७३५ चा विचक्राफ्टविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, मग जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ मध्ये यावर पुस्तक काढलं आणि विक्का नावाचा पंथ लोकांसमोर आला, त्यात मंडळ असतं, दीक्षा असते, पायऱ्या असतात. जे स्वतःला ट्रॅडिशनल म्हणवतात ते सांगतात की आमचं त्याच्याही आधीचं, गावठी, एकट्याने करायचं. इतिहासकारांचं म्हणणं असं की आज दिसणारी बरीचशी मांडणी विसाव्या शतकातच जुळवलेली आहे. पण जुनं काहीच नव्हतं असंही नाही, तिथल्या खेड्यांत जाणती माणसं असायची, हरवलेली वस्तू शोधून देणारी, गुराढोरांचं दुखणं बघणारी, बाधा उतरवणारी, म्हंजे आपल्याकडचे भगत आणि तुझी आजी यांच्यासारखीच. त्यांना कोणी सर्टिफिकेट दिलं नव्हतं. मग तू तिकडून विकत कशाला आणतेस, तुझ्या तर घरात होतं.

आता करायचं काय. एक साधी वही घे, शाळेतली शंभर पानी चालेल, आणि आजीची जी जी आठवण आहे ती लिही, कोणता वार, मिठाचा खडा केवढा, ओवाळताना तोंड कुठल्या दिशेला, साडीचा पदर कसा खोचलेला. आईला विचार, ती भानगड म्हणते पण तिला सगळं माहीत असणार बघ, लहानपणी तिच्यावरूनही ओवाळलंच असेल ना. गावात आजीच्या वयाच्या कोणी असतील तर एखाद्या रविवारी रामटेकची बस पकड, त्या आहेत तोवर जा.

दुसरं, संध्याकाळी दिवा लावतेस ना, त्या दिव्यापाशी रोज दहा मिनिटं काहीही न मागता बस, फोन दुसऱ्या खोलीत. त्या दिवशी काय वाटलं ते वहीत लिही, तारीख घालून, आणि पुढे खरं काय झालं ते शेजारी लिही. हे दुसरं लिहिणं फार गरजेचं आहे. मी एक वर्ष हे केलंय. "आज काहीतरी वाईट होणार" असं मी ४१ वेळा लिहिलं होतं आणि त्यातलं ३ वेळा खरं निघालं, बाकी सगळी माझी काळजी होती. पण "हिच्या मनात काहीतरी सलतंय" असं जेव्हा जेव्हा समोरच्या माणसाकडे बघून लिहिलं ते बहुतेक वेळा बरोबर होतं. म्हंजे माझा आतला आवाज भविष्याचा नव्हता, माणसांचा होता. तुझा कशाचा आहे ते तुझी वहीच सांगेल, मी किंवा कोर्सवाले नाही सांगू शकत.

सणवारही इथलेच धर. ३१ ऑक्टोबरचा त्यांचा साव्हिन हा सण हिवाळ्याच्या तोंडाचा, पितरांची आठवण काढायचा, आपली सर्वपित्री अमावस्या आहे की. आणि तू नागपूरची आहेस गं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या रस्त्यावरून जे जातं तसं दुसरीकडे क्वचितच असेल. मारबत म्हंजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवत नेऊन जाळायचा; काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, बडगे म्हणतात ते दुसरे पुतळेही सोबत असतात, आणि लोक ओरडत असतात "ईडा पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जाय गे मारबत!" अख्खं शहर मिळून नजर उतरवतं, दुसरं काय आहे ते? ओवाळून टाकायचं आणि जाळायचं. या वर्षी तुझ्या आजीला वर्ष होईल. गर्दीत जाऊन उभी राहा आणि मारबत पुढून गेली की मनातलं ते विचारलं नाही विचारलं नाही आहे ना ते तिच्यासोबत जाऊ दे.

जडीबुटीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. व्हिडिओत बेलाडोना, हेनबेनचा लेप दाखवतात, ती झाडं आपल्या धोतऱ्याच्याच कुळातली, वांग्याच्या कुळातली, आणि धोतऱ्याने माणसाला भ्रम होतो, जीवही जातो. महादेवाला वाहा, पोटात घेऊ नको, अंगाला लावू नको, जाळून धूर पण घेऊ नको. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. वास हवा तर दवणा आण, तिकडच्या बायका ज्या मगवर्ट नावाच्या झाडाचं कौतुक करतात त्याचाच हा भाऊबंद, गुच्छ उशाशी ठेव.

आणि शेवटचं, कोणाच्या नावाने काही करायचं नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. नवरा परत येऊ दे, सासू आजारी पडू दे, असले लोक तुझ्याकडे येतील, कारण तुझा हात चांगला आहे हे पसरतंच. पैसे तर एक रुपयाही घेऊ नकोस. आत्या फक्त मीठ-मिरची ज्याची त्याने आणायची एवढंच म्हणायची.

प्रश्न: माझ्या मुलीचा ताप महिनाभर येतोजातो. एका बाबाने सांगितलं की बाजूच्या घरातली विधवा काकू करणी करते. नवरा फार चिडला आहे. काय करू? (एक आई, कळमना)

उत्तर: वहिनी, आज म्हंजे आजच मुलीला मेडिकल किंवा मेयो, या सरकारी दवाखान्यांत घेऊन जा, महिनाभराच्या तापाला रक्ताची तपासणी लागते. आणि बाबाने जे केलं तो गुन्हा आहे. एखाद्यावर करणीचा ठपका ठेवणं, रोग त्याच्यामुळे आला म्हणणं, हे जादूटोणाविरोधी कायद्यात येतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर त्याच डिसेंबरात आपल्या नागपूरच्या अधिवेशनातच तो कायदा पास झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. पोलीस ठाण्यात जाऊन या कायद्यासाठी नेमलेले दक्षता अधिकारी कोण आहेत ते विचारा. गडचिरोलीत, मेळघाटात अशाच संशयावरून माणसं मारली गेलीत, आणि सुरुवात प्रत्येक वेळी एखाद्याच्या तोंडून निघालेल्या नावानेच झाली होती.

नवऱ्याला हे वाचून दाखवा. आणि हॉस्पिटलातून आल्यावर त्या काकूंकडे जाऊन मुलीला काय झालंय ते तुम्हीच सांगा, दुसऱ्या कोणाकडून त्यांच्या कानावर जायच्या आत.