चिकन खिम्याचे पॅटिस तव्यात फुटू नयेत म्हणून

बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. खिमा मांडीच्या मांसाचाच करून घ्या, नुसत्या छातीचा कोरडा पडतो. कांदा बारीक चिरून, मीठ लावून घट्ट पिळा. अर्ध्या किलोला एक अंडं आणि दोन ब्रेडचे स्लाइस चुरून पुरतात. कच्चं मिश्रण चाखू नका. सुपारीएवढा गोळा भाजून मीठ-तिखट ठरवा. बोटाच्या जाडीचे पॅटिस थापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, मग रव्यात घोळवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं. खालची बाजू आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही, घाई नेमकी इथेच होते. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस हवं. नसेल तर एक मोडून बघा, गुलाबी दिसला तर झाकण ठेवून अजून शिजवा. मुलांसाठी मिरची कमीच घाला, मोठ्यांना हिरवी चटणी आहेच.