निळं पाणी उपाशी का असतं?

प्रश्न : प्लवक म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, असं शाळेत शिकलो. मग एवढ्या मोठ्या जेलीफिशला प्लवक का म्हणतात?

कारण प्लवक ही जात नाही, जगण्याची रीत आहे. ज्याला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे जो जातो, तो प्लवक. जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ हे नाव दिलं, तेही ‘भटका’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. खेकड्यांची आणि ताऱ्यामाशांची डिंभकं, म्हणजे अगदी कोवळी पिल्लंसुद्धा सुरुवातीला प्लवकच असतात. मोठी झाली की ती तळाशी जातात.

प्रश्न : वनस्पतीप्लवकांत, म्हणजे उन्हावर अन्न बनवणाऱ्या प्लवकांत, मुख्य प्रकार कोणते?

माझा जीव डायटमवर आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा : एकाच पेशीभोवती सिलिकाची, म्हणजे काचेसारखी पेटी, तिच्यावर बारीक छिद्रांची नक्षी आणि वर घट्ट बसणारं झाकण. मराठीत त्यांना करंडक म्हणतात ते उगीच नाही. पेशी दुभंगली की दोघींच्या वाट्याला पेटीचा एकेक भाग येतो आणि प्रत्येक जण आतला भाग नव्याने घडवते. म्हणून पिढ्यांमागून काही करंडक लहान लहान होत जातात.

डायनोफ्लॅजेलेट दोन चाबकांसारख्या शेपट्यांनी हलतात. रात्री चमकणाऱ्या लाटा बहुधा त्यांच्याच. कोकोलिथोफोर खडूच्या चकत्या पांघरतात. आणि सगळ्यांत लहान प्रोक्लोरोकॉकस, जेमतेम ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जीवाणू. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येने सर्वांत जास्त तोच, तरी १९८० च्या दशकापर्यंत कोणाच्या नजरेस पडला नव्हता.

प्रश्न : समुद्रात पाण्याला तोटा नाही, उन्हालाही नाही. मग प्लवक सगळीकडे सारखे का वाढत नाहीत?

प्रश्न अगदी वर्मावर आहे. ऊन वर असतं आणि खत खाली, ही समुद्राची खरी अडचण.

अगदी नितळ पाण्यातही सुमारे २०० मीटरच्या खाली प्रकाशसंश्लेषणापुरता उजेड उरत नाही. गढूळ किनाऱ्यालगत तर काही मीटरमध्येच अंधार होतो. नायट्रेट आणि फॉस्फेट ही प्लवकांची खतं मात्र मेलेल्या जीवांबरोबर, विष्ठेबरोबर सतत खाली जातात आणि खोल पाण्यात साठतात. उष्ण प्रदेशात वरचं गरम, हलकं पाणी झाकणासारखं बसून राहतं, त्यामुळे ते खत वर येत नाही. म्हणून महासागरांच्या मध्यावरचं गर्द निळं पाणी जवळजवळ वाळवंट असतं. पेरूच्या किनाऱ्यावर वारा वरचं पाणी दूर ढकलतो, खालचं गार पाणी वर येतं आणि मासळीचा सुकाळ होतो. उत्तर अटलांटिकात हिवाळ्यातली वादळं पाणी घुसळून खत वर आणतात, पण तेव्हा ऊन अपुरं असतं. वसंतात ऊन वाढलं की प्लवकांना बहर येतो.

अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी दाखवलेलं प्रमाण लक्षात ठेवण्याजोगं आहे : प्लवकांत सरासरी १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजनचे आणि १ फॉस्फरसचा. जे आधी संपतं, तिथेच वाढ थांबते. बऱ्याच ठिकाणी आधी संपतो नायट्रोजन. हवेतला नायट्रोजन बांधणारे ट्रायकोडेस्मियमसारखे जीव ही तूट थोडीफार भरून काढतात.

प्रश्न : समुद्रात लोह टाकून प्लवकांचं उत्पादन वाढवता येतं, हे खरं का?

वाढतं, पण ठरावीक पाण्यातच. दक्षिण महासागर, विषुववृत्तीय पॅसिफिक आणि उत्तर पॅसिफिकचा काही भाग इथे नायट्रेट भरपूर असूनही प्लवक कमी. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकात बोट ठेवलं ते लोहावर. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लोह फारसं विरघळत नाही आणि किनाऱ्यापासून दूर ते मुख्यतः वाळवंटी धुळीतून येतं. हे उमगायला वेळ लागला, कारण लोखंडी जहाज आणि तारा यांच्यामुळे जुने नमुनेच दूषित व्हायचे. मार्टिन १९९३ मध्ये वारले; त्याच वर्षी पॅसिफिकमधल्या गालापागोस बेटांजवळ त्यांच्या कल्पनेची पहिली खुल्या समुद्रातली चाचणी झाली आणि लोह टाकताच प्लवक वाढले. १९९५ च्या दुसऱ्या चाचणीत बहर कितीतरी मोठा होता.

प्लवक वाढताना कार्बन शोषतात; तरीही हवेतला कार्बन कमी करण्यासाठी लोह ओतत राहावं, हे मला मान्य नाही. वाढलेल्या प्लवकांपैकी बहुतेक वरच खाल्ले जातात आणि त्यांतला कार्बन पुन्हा पाण्यात मिसळतो. खोल जातो तो थोडाच. शिवाय त्या बहराने नायट्रेट वापरून टाकलं, की प्रवाह पुढे नेतो ते पाणी तेवढं रिकामं झालेलं असतं.