फ्री डिश स्वतः बसवताय? आधी पाइप सरळ करा
जमेल तुम्हाला. डिश ज्यावर बसते तो पाइप ओळंब्याने तपासा. तो तिरका असेल तर डिशच्या कंसावर (ब्रॅकेटवर) छापलेले अंश खोटे बोलतात. पुण्यातून फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण १३२ अंशांवर, क्षितिजापासून ५९ अंश वर. समोर झावळी नको.

बोल्ट अर्धवट आवळून डिश केसभर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतो; घाईत उपग्रह कधी मागे पडला ते कळतही नाही.

- बॉक्स टीव्हीवर दाखवतो त्या ‘स्ट्रेंग्थ’ला भुलू नका, ती उपग्रहाशिवायही दिसते. ‘क्वालिटी’ बघा.
- क्वालिटी आली की एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल घेणारा भाग) पकडीत किंचित फिरवून वाढते का पाहा.
- केबलच्या कनेक्टरमधून तांब्याची तार २-३ मिमी बाहेर हवी. केबलमधल्या तारेच्या जाळीचा एक धागा तिला चिकटला तरी शॉर्ट, आणि तुम्ही बसाल उगाच डिश फिरवत.