खाडीकाठी मुक्काम करावा

प्रश्न : आमचा मुलगा दुबईत जबल अलीला नोकरी करतो आणि तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. जानेवारीत आम्ही दोघे (वय ६४ आणि ६०) आठ दिवसांसाठी जाणार आहोत, त्यामुळे हॉटेलातच उतरावे लागेल. मुलगा मरीना भाग सुचवतो, तर प्रवास आखून देणारे गृहस्थ देरा स्वस्त पडेल म्हणतात. नकाशावरून काहीच उमगत नाही. पत्नी शुद्ध शाकाहारी आहे आणि माझे गुडघे दुखतात. आम्ही कोठे राहावे व कोणते भाग पाहावेत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नकाशा उमगत नाही यात आपला दोष नाही. चौकाभोवती वाढलेल्या आपल्या गावांसारखी दुबईची रचना नाही. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला वाळवंट अशा पट्ट्यात हे शहर लांबच लांब पसरले आहे. खाडीकाठच्या जुन्या देऱ्यापासून नव्या मरीनापर्यंत अंतर तीसेक किलोमीटर भरते. मधून शेख झायेद रस्ता जातो आणि बरेच अंतर त्याच्या कडेने २००९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोची लाल मार्गिका धावते. हा रस्ता पायी ओलांडता येत नाही. स्थानकांचे पादचारी पूल हाच मार्ग. म्हणून हॉटेल ठरवताना ते स्थानकाच्या कोणत्या बाजूला आहे, हे मुलाकडून खात्रीने विचारून घ्यावे, कारण समोर दिसणारे हॉटेल गाठायला टॅक्सीने भला मोठा वळसा घालावा लागतो.

माझे मत विचाराल तर देऱ्यासमोर, खाडीच्या अलीकडच्या काठावरील बुर दुबई या जुन्या भागात, बुरजुमान स्थानकाच्या आसपास उतरावे. तेथे लाल व हिरवी अशा दोन्ही मार्गिका मिळतात, मुलाला जबल अलीहून लाल मार्गिकेने सरळ येता येते आणि मीना बाजार व शेजारच्या करामा भागात गुजराती थाळीपासून डोशापर्यंत शाकाहारी जेवण पावलोपावली मिळते. देरा स्वस्त पडतो हे खरे, पण तेथील गजबजाट आठ दिवस सोसवेल असे वाटत नाही. मरीनातील हॉटेले देखणी आहेत, मात्र तेथे राहिलात तर जुने शहर पाहण्याचा उत्साह रोजच्या प्रवासातच संपेल.

आठांपैकी निदान तीन दिवस खाडीसाठी ठेवावेत, कारण १९६६ मध्ये तेल सापडण्यापूर्वीची दुबई म्हणजे मुख्यतः ही खाडी आणि तिच्यावरचा व्यापार होता. सकाळी अल फहिदी या जुन्या वस्तीपासून सुरुवात करावी. इराणच्या बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी प्रवाळी दगड आणि जिप्सम वापरून येथे घरे बांधली. त्यांच्या छपरांवरचे चौकोनी मनोरे, ज्यांना तेथे बारजील म्हणतात, चारही दिशांचा वारा पकडून खालच्या खोलीत सोडतात. अशा मनोऱ्याखाली दोन मिनिटे उभे राहिले की विजेच्या पंख्याआधी ही माणसे उन्हाळा कसा काढत असतील हे अंगाला कळते. जवळच १७८७ चा अल फहिदी किल्ला आहे.

तेथून धक्क्यावर जाऊन अब्रा, म्हणजे लाकडी होडी, धरावी. भाडे एक दिरहम, तेही सुटे नाणे हातात तयार ठेवावे. प्रवासी मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसतात, कडेला कठडा नसतो आणि होडी धक्क्याला लागताना हलते, म्हणून गुडघ्यांचा विचार करून चढता-उतरता नावाड्याचा हात निःसंकोच धरावा. पाचसात मिनिटांत आपण देऱ्याच्या काठावर पोहोचता. मसाल्यांच्या बाजारात केशर, धूप आणि काळपट पडलेली वाळकी लिंबे पोत्यांतून मांडलेली असतात. सराफ बाजारात सोन्याचा दर ठरलेला, पण घडणावळीवर घासाघीस चालते. एरवी कोणी सांगत नाही ते मी सांगतो : काठाने थोडे पुढे चालून माल चढवणारी गलबते पाहावीत. फ्रीज, टायर, कापडाचे गठ्ठे असा माल धक्क्यावर रचलेला असतो आणि इराण, सोमालियाकडे रवाना होतो. याच व्यापारात एकेकाळी आपला रुपया चालत असे; १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि तो येथे १९६६ पर्यंत वापरात होता.

उरलेल्या भागांना एकेक दिवस पुरे. जुमैरा मशिदीत शुक्रवार वगळता इतर दिवशी सकाळी मुस्लिमेतरांना माहितीसह आत नेतात. अंग झाकणारे कपडे असावेत. अल कूझमधील जुन्या गोदामांत आता चित्रदालने आहेत, ती चित्रांची आवड असेल तरच पाहावीत. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा पाहायला संध्याकाळी जावे. मात्र स्थानकापासून दुबई मॉलपर्यंतचा बंदिस्त पूल बराच लांब आहे, तेव्हा वाटेतील सरकत्या पट्ट्यांचा उपयोग करावा. मरीनाला मुलासोबत पाण्याकाठी एक संध्याकाळ काढली की त्याचेही मन राखले जाईल.

मेट्रोत एक काळजी घ्यावी. महिला व मुलांच्या डब्यात पुरुष चढल्यास दंड होतो. घाईत पत्नीच्या मागोमाग शिरू नये.

सुट्टीचा शनिवार किंवा रविवार मुलाच्या जबल अलीसाठी राखून ठेवावा. तेथे २०२२ मध्ये उघडलेले हिंदू मंदिर आणि शेजारी गुरुद्वारा व चर्च आहेत. पत्नी मुलासाठी फराळ नेणार असतील, तर चकली, लाडू खुशाल न्यावेत, पण अनारसे घरीच ठेवावेत : खसखशीला त्या देशात बंदी आहे.