संदेश सुरक्षित, ठाणं उघडं

प्रश्न : लष्करी रेडिओवर एईएस-२५६ एन्क्रिप्शन (संदेश सांकेतिक करण्याची एक पद्धत) असतं आणि ते फुटत नाही, असं वाचलं. मग रणभूमीवरच्या नेटवर्कची एवढी काळजी कशासाठी?

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. किल्ली, म्हणजे संदेश उलगडणारा गुप्त आकडा, नीट जपली तर आजच्या संगणकांना ते फुटत नाही. पण माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात गेली, म्हणून सांगतो : शत्रूला मजकूर लागतोच असं नाही. दोन-तीन जागांवरून लहरींची दिशा मोजली की रेषा छेदतात तिथे तुमचा अँटेना सापडतो. जिथून सतत बोलणं चालतं ते मुख्यालय, हे ओळखायला अक्षरही वाचावं लागत नाही. तोफांना तेवढं पुरतं.

त्यामुळे नव्या जवानांकडून मी आधी हेच घोटून घ्यायचो : निरोप आधी कागदावर लिहा, मगच बटण दाबा. पॉवर कमीत कमी. अँटेना ठाण्यापासून लांब, केबल ओढून, शत्रूच्या बाजूने टेकडीचा आडोसा मिळेल असा.

जॅमिंगवर, म्हणजे शत्रू गोंगाट सोडून आपलं बोलणं दाबतो त्यावर, उतारा म्हणजे फ्रिक्वेन्सी हॉपिंग : रेडिओ सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहतो. अमेरिकी सिंकगार्स रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला शंभराहून जास्त उड्या मारतो. त्यासाठी सगळ्या सेटची घड्याळं जुळलेली लागतात. ही वेळ जीपीएसवरून घेता येते, पण ते जॅम झालं तर हाताने भरता आली पाहिजे.

खरी जोखीम किल्ल्यांची. याच सिंकगार्सच्या एका खटक्यावर किल्ल्या पुसण्याची जागा आहे. चुकून फिरू नये म्हणून तो आधी बाहेर ओढावा लागतो, मग फिरतो. अंधारात, हातमोजे घालून हे जमायला हवं. आणि सेट हरवला तर त्याच मिनिटाला कळवायचं, म्हणजे बाकीच्यांना किल्ल्या बदलता येतात. शिक्षेच्या भीतीने खबर दाबली जाते, ते मला सगळ्यात घातक वाटतं. म्हणून कळवणाऱ्यावर अधिकाऱ्याने खेकसू नये.

सायबर हल्ल्याचं म्हणाल, तर २४ फेब्रुवारी २०२२ आठवा. युक्रेनवर आक्रमण सुरू झालं त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह इंटरनेट सेवेचे हजारो मोडेम बंद पडले. उपग्रह शाबूत होता, एन्क्रिप्शनही कुणी फोडलं नव्हतं. हल्लेखोर व्यवस्थापनाच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि तिथूनच मोडेमची मेमरी खराब करणारे हुकूम सोडले. म्हणूनच ज्या लॅपटॉपवरून रेडिओंची सेटिंग्ज भरली जातात, तो मी किल्ल्यांच्याच पेटीत कुलूपबंद ठेवायला लावीन. त्याला इंटरनेट नाही, कुणाचा पेनड्राइव्ह नाही, चार्जिंगला लावलेला फोनसुद्धा नाही.