मुलीच्या गाण्याचं घरचं रेकॉर्डिंग: गुन्हा की हक्क?

प्रश्न: माझी मुलगी मागच्या वर्षी एका मराठी वाहिनीवरच्या बालगायन स्पर्धेत निवडली गेली. तिचे सगळे भाग मी सेट-टॉप बॉक्सला पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड केले. परवा केबलवाला म्हणाला, "वहिनी, असं रेकॉर्डिंग करणं गुन्हा आहे, केस होते." भाच्याने त्यातले दोन भाग यूट्यूबवर टाकले होते, ते वाहिनीच्या तक्रारीवरून काढले गेले. आमच्या मंडळाला तेच भाग गणेशोत्सवात पडद्यावर दाखवायचे आहेत, तिकीट अर्थातच नाही. शिवाय आम्ही आता केबल सोडून डीटीएच घेतोय, आणि हे रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर उघडतच नाही. काय करावं? – एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, घाबरून काही पुसून टाकू नका. घरी बघण्यासाठी तुम्ही जे केलंत, त्यात गुन्हा नाही.

केबलवाल्याने अर्धंच ऐकलेलं दिसतं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपणावर वाहिनीचा २५ वर्षं हक्क असतो, आणि परवानगीशिवाय प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणं त्या हक्काचा भंग ठरतं. एवढं वाचून थांबलं तर त्याचं म्हणणं खरं वाटेल. पण दोनच कलमं पुढे, कलम ३९ (अ) मध्ये, रेकॉर्डिंग करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग म्हणजे या हक्काचा भंग नव्हे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. त्या भागांतल्या गाण्यांवर आणि चित्रणावर वेगळा कॉपीराइट असतो. त्यासाठी कलम ५२ (१)(अ) मधली खासगी वापराची सवलत आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती चित्रफितींनाही लागू झाली. अमेरिकेत घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरचा हाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८४ साली तिथे पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने प्रेक्षकांच्या बाजूने निकाल लागला. आपल्याकडे ही मुभा कायद्याच्या पुस्तकातच आहे. ते पान केबलवाल्याला जरूर दाखवा. अशी अर्धवट भीती घालून लोकांकडून त्यांच्या घरातल्या आठवणी पुसून घेणं मला अजिबात पटत नाही.

मात्र कलमातले शब्द नीट वाचा: 'रेकॉर्डिंग करणाऱ्या व्यक्तीच्या खासगी वापरासाठी'. आजी-आजोबांना, पाहुण्यांना घरी बसवून दाखवा, खुशाल दाखवा. प्रती काढून गावभर वाटू लागलात, की ही ढाल उरत नाही.

भाच्याचं नेमकं इथेच चुकलं. यूट्यूबवर टाकणं म्हणजे लोकांपर्यंत पोहोचवणं, तिथे खासगी वापर संपला. "आवाज तर आमच्या मुलीचाच आहे" हे तुम्ही म्हणाल, आणि आई म्हणून ते मला समजतं. पण गीताचे शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, चित्रण वाहिनीचं. मुलीला कलावंत म्हणून कलम ३८ आणि ३८-अ खाली स्वतःचे हक्क आहेत खरे, पण निवडीच्या वेळी पालक म्हणून तुम्ही एका करारावर सही केली असेल. तो कागद आजच शोधून वाचा. चित्रीकरणाला अशी लेखी संमती दिलेली असली, की करारात वेगळं काही नसेल तर नंतर निर्मात्याला अडवता येत नाही. गाण्याचा व्यावसायिक वापर झाला तर मानधनाचा हक्क मात्र राहतो, तो सोडू नका.

भाच्याला सांगा, ते भाग पुन्हा चढवायचे नाहीत, आणि रागाच्या भरात यूट्यूबला उलट नोटीसही पाठवायची नाही, कारण त्या नोटिशीत शपथेवर विधान करावं लागतं. व्हिडिओ काढला म्हणजे फौजदारी केस झाली असं नव्हे. पण जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तिथवर जायचंच कशाला? मुलीच्या गाण्याची छोटी क्लिप लावायची लेखी परवानगी वाहिनीकडे मागा.

बॉक्सचं दुखणं वेगळं आहे. बरेच बॉक्स रेकॉर्डिंगला कुलूप लावून ठेवतात, ते त्याच बॉक्सवर आणि वर्गणी चालू असेपर्यंतच उघडतं. कायदा तुम्हाला रेकॉर्डिंग करू देतो, पण ते कुठेही चालेल अशी सोय देण्याचं बंधन कंपनीवर घालत नाही. दुकानातल्या पोराकडून कुलूप तोडून घेऊ नका, असं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दलच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ६५-अ च्या वादात नाहक अडकाल. बॉक्स विकताना "रेकॉर्डिंग कायम तुमचं" असं जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात छापलेलं असेल, तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार होते. पावती आणि ते पत्रक जपून ठेवा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला. तिथे भागलं नाही तर तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

आता मंडळ. तिकीट नाही म्हणजे चालतं, हा समज सगळीकडे आहे. तिकीट नसल्याने फक्त 'पैसे घेऊन प्रक्षेपण दाखवलं' एवढा एक आक्षेप टळतो. चित्रणाचा आणि गाण्यांचा कॉपीराइट मांडवात लागू राहतोच. वाहिनीची लेखी परवानगी नसेल तर पडदा लावू नका.

त्यापेक्षा मुलीला मांडवात प्रत्यक्ष गाऊ द्या. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर गीत-संगीत सादर केलं तर कलम ५२ (१)(ल) प्रमाणे तो भंग ठरत नाही. साथीला पेटी-तबला घ्या, गावातलेच वादक बसवा. कराओके ट्रॅक नको, कारण ते दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण आहे आणि ही सवलत त्याला लागू नाही. पैसे मोजून ऑर्केस्ट्रा आणलात तर 'हौशी' म्हणणंही कठीण होईल. आणि ध्वनिक्षेपकाचा पोलीस परवाना वेळेत काढा, तो यातल्या कुठल्याच कलमाने माफ होत नाही.